ग्रानादोसचा 'आंदालुसा' व्हायोलिन-पियानोसाठी स्वतः कसा उतरवायचा: पायरी पायरीने

आधी एक गोंधळ मिटवून टाकू, कारण यात माझे पैसे गेलेत. 'स्पॅनिश डान्स, व्हायोलिन पियानो, क्राइसलर' असं शोधलंत की दोन वेगळ्या रचना समोर येतात. एक मान्युएल दे फायाच्या 'ला विदा ब्रेवे' या ऑपेरामधला डान्स, आणि दुसरा एन्रिके ग्रानादोसच्या पियानोच्या बारा डान्सपैकी पाचवा, 'आंदालुसा'. दोन्हीचं ट्रान्स्क्रिप्शन (मूळ रचना दुसऱ्या वाद्यांसाठी उतरवणं) फ्रिट्झ क्राइसलर या व्हायोलिनवादकानीच केलंय आणि कव्हरवर दोन्हीकडे 'स्पॅनिश डान्स' असंच असतं, त्यामुळे मला हवा होता ग्रानादोस आणि घरी आला फाया. वर व्हायोलिनवादक-संगीतकार सारासातेचा 'रोमान्सा आंदालुसा' पण आहे, नाव सारखं म्हणून तोही गळ्यात पडू शकतो, पण तो मुळातच व्हायोलिन आणि पियानोसाठी लिहिलेला, ट्रान्स्क्रिप्शन नव्हेच. तर मागवताना संगीतकाराचं नाव, डान्सचा नंबर आणि स्वर (म्हणजे की, पट्टी) तिन्ही बघा: ग्रानादोस, पाचवा, ई मायनर.

हा लेख क्राइसलरचं छापील पान कसं वाजवायचं यावर नाहीये. ते छान आहे, वाजवाच. पण मूळ पियानोचं पान घेऊन त्यातून आपलं स्वतःचं व्हायोलिन-पियानो ट्रान्स्क्रिप्शन करायचं, हे काम एकदा तरी करून बघावं असं माझं मत आहे. पाचसहा वर्षं व्हायोलिन शिकलेला कोणीही आणि पियानो वाजवणारं एखादं घरातलं माणूस, एवढ्यात महिन्याभरात होतं.

थोडं मूळ रचनेबद्दल. ग्रानादोस १८६७ चा, ल्येइदा गावचा, म्हणजे कॅटलान माणूस, आणि डान्स लिहिला आंदालुसियाचा, म्हणजे स्पेनच्या पार दुसऱ्या टोकाचा. बारा डान्सचा हा संच १८९० च्या आसपासचा, तेव्हा तो विशीतच होता. पुढे १९१६ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामधे त्याच्या 'गोयेस्कास' या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला, व्हाइट हाउसमधे वाजवायचं बोलावणं आलं म्हणून स्पेनला थेट जाणारी बोट सोडली, मग इंग्लंडमार्गे परत येताना २४ मार्चला इंग्लिश खाडीत 'ससेक्स' जहाजावर जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो बसला आणि नवरा बायको दोघंही गेले. हे सांगायचं कारण भावनिक नाही, कॉपीराइटचं आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतो, त्यामुळे ग्रानादोस केव्हाच मोकळा. क्राइसलर १९६२ मधे गेला, म्हणजे आपल्याकडे तोही २०२३ पासून मोकळा, पण युरोपात ७० वर्षांचा नियम असल्याने तिथे २०३२ संपेपर्यंत नाही. तुम्ही जर्मनीत किंवा फ्रान्समधे राहत असाल आणि क्राइसलरचं बदलून छापायचा विचार असेल तर थांबा. मूळ ग्रानादोसवरून स्वतः करत असाल तर कुठेच प्रश्न नाही, जुन्या आवृत्तीचं पान आयएमएसएलपी या नोटेशनच्या मोफत वेबसाइटवर मिळतं, ते प्रिंट करून घ्या. मोठं प्रिंट करा, पेन्सिलीला जागा लागणार आहे.

पहिली पायरी: गिटार शोधा

या सगळ्या कामातली खरी गोष्ट हीच आहे, बाकी सगळं यातूनच निघतं. ही रचना लिहिली पियानोसाठी, तुम्ही वाजवणार व्हायोलिन पियानोवर, पण पानात बसलीये ती गिटार. ई मायनर हा गिटारचा घरचा स्वर, गिटारची सगळ्यात जाड तार पण ई आणि सगळ्यात बारीक पण ई. मिगेल ल्योबेट या गिटारवादकानी हा डान्स गिटारवर उतरवला आणि आज बऱ्याच लोकांना हा मुळात गिटारचाच तुकडा वाटतो, इतका तो तिथे चपखल बसतो. त्यामुळे ऐकायचा क्रम असा ठेवा: आधी पियानो (ग्रानादोसनी स्वतः केलेला पियानो रोल, म्हणजे कागदाच्या गुंडाळीवर छिद्रांनी नोंदवलेलं त्याचं वादन, पण ऐकायला मिळतो, तो ऐकाच, त्याचं लयीशी खेळणं बघा), मग दोन तीन गिटारवादक, आणि व्हायोलिन सगळ्यात शेवटी. व्हायोलिन आधी ऐकलंत तर डोक्यात फक्त चाल बसते आणि खालचं तुणतुण ऐकूच येत नाही.

मी पहिल्यांदा हीच चूक केली. सगळं चांगलं चांगलं व्हायोलिनला देऊन टाकलं, चाल व्हायोलिनला, मधले सूर डबल स्टॉप (दोन तारा एकदम वाजवणं) करून व्हायोलिनला, शोभेचे छोटे सूर पण व्हायोलिनलाच. मामेबहीण पियानोवर बसली, पान बघितलं आणि म्हणाली, "दादा, मग मी काय करू, टाळ्या वाजवू?" वाजवून बघितलं तर व्हायोलिन धापा टाकतंय आणि पियानो पोकळ. डान्स गायबच.

दुसरी पायरी: तीन रंगाच्या पेन्सिली

पियानोचं पान घ्या आणि प्रत्येक बारमधे (दोन उभ्या रेघांमधल्या भागात) तीन गोष्टी वेगळ्या रंगवा. निळा म्हणजे बास, सगळ्यात खालचा सूर. हिरवा म्हणजे बासच्या वरचं तुणतुण, छेडलेल्या तारेसारखे तुटक सूर आणि त्यांना चिकटलेले झटक्याचे छोटे सूर. लाल म्हणजे चाल. मूळ पानात निळा आणि हिरवा दोन्ही मुख्यतः डाव्या हाताकडे आहेत आणि लाल उजव्याकडे. हे रंगवायला एक संध्याकाळ जाते, कंटाळा करू नका, कॉम्प्युटर उघडायच्या आधीच हे करायचं.

आता गंमत बघा. लाल व्हायोलिनकडे गेला की पियानोचा उजवा हात रिकामा होतो. रिकामा हात दिसला की काहीतरी भरायचा मोह होतो, मोठे कॉर्ड, चालीला साथ म्हणून तेच सूर, एखादी तिसरीच सुरावट. नका भरू. हिरवा रंग उजव्या हाताला द्या, निळा डाव्याला ठेवा, बस. एकट्या डाव्या हाताला बासवरून वर उड्या मारायला लागत होत्या, त्या उड्या गेल्या की पियानोवाला तेच सूर अगदी हलके, कोरडे, बोटाच्या टोकाने छेडल्यासारखे वाजवू शकतो, आणि अचानक गिटार ऐकू येते. व्हायोलिनची चाल पियानोने सोबत वाजवायची नाही, निदान पहिल्या भागात तरी नाही, कारण पियानोचा सूर दाबला की विरायला लागतो आणि व्हायोलिनचा टिकून राहतो, दोन्ही एकत्र आले की व्हायोलिनच्या प्रत्येक सुराला पुढे एक ठोका चिकटतो, सगळी चाल खडबडीत होते.

छोटे झटक्याचे सूर पियानोकडेच ठेवा. गिटारवाल्याची बोटं तारेवरून घसरतात ना तसे ते आहेत, बोवर (व्हायोलिनच्या गजावर) ते सुंदर ऐकू येतात पण गुळगुळीत ऐकू येतात, आणि इथे गुळगुळीतपणा नकोय.

तिसरी पायरी: स्वर बदलायचा का?

थोडक्यात, नाही. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा जी, डी, ए, ई, चारही ई मायनरमधे येतात, त्यामुळे पूर्ण वाद्य आपोआप घुमतं. मधला भाग ई मेजरमधे जातो तिथे मात्र जी आणि डी दोन्ही शार्प (अर्धा सूर वर) होतात, खालच्या दोन मोकळ्या तारांचा आधार जातो, आवाज जरा बंद आणि मऊ होतो. काहीजण यालाच अडचण म्हणून स्वर बदलायचं सुचवतात, पण मला उलट वाटतं, पहिला भाग उन्हातला आणि मधला सावलीतला, हा फरक वाद्यच फुकटात देतंय तर घ्या की. फक्त त्या भागात इंटोनेशन (सूर नेमका लागणं) उघडं पडतं. जी शार्प आणि डी शार्प रोज पाच मिनिटं ई आणि ए मोकळ्या तारेशी ताडून बघत जा.

एकच मर्यादा लक्षात ठेवा: व्हायोलिनचा सगळ्यात खालचा सूर म्हणजे मिडल सी च्या खालचा जी. चाल एक ऑक्टेव्ह (सप्तक) खाली न्यायची असेल तर आधी त्या फ्रेजचा (चालीतल्या एका वाक्याचा) सर्वात खालचा सूर शोधा, तो जी च्या खाली जात असेल तर ती फ्रेज तिथे बसणार नाही, एखादा सूर वर ढकलून जुगाड करू नका, कान लगेच पकडतो.

इथे एक बाजूची गोष्ट, आपल्या लोकांसाठी. ई हार्मोनिक मायनर घ्या आणि बी ला सा धरून बी पासून बी पर्यंत वाजवा. कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल ध, कोमल नी, म्हणजे आपला बसंत मुखारी. डी शार्पऐवजी साधा डी घेतला की भैरवी थाट. स्पॅनिश संगीत ऐकताना आपल्याला 'हे ओळखीचं आहे' असं जे वाटतं त्याचं बरंचसं कारण हेच. पण म्हणून मींड घ्यायची नाही. आपल्याकडे व्हायोलिन म्हटलं की व्ही. जी. जोग, डी. के. दातार कानात असतात, बोट आपोआप सरकायला लागतं. इथे एका फ्रेजमधे फार तर एकदा सरका, तेही पोझिशन (डाव्या हाताची तारांवरची जागा) बदलताना, सूर दाखवायला नाही. आणि हिंदुस्थानी शिकणाऱ्यांनो, तुमचं वाद्य सा-प-सा-प असं लावलेलं असणार, वरची सगळी मोकळ्या तारांची गणितं जी-डी-ए-ई वर आहेत, तारा परत लावा किंवा दुसरं वाद्य घ्या.

चौथी पायरी: चाल कुठल्या तारेवर

सुरुवातीची चाल जिथे आहे तिथेच ठेवा, साधी, पहिल्या तिसऱ्या पोझिशनमधे. पहिल्याच ओळीत जी तारेवर चढून रडायला लागलात तर पुढे काय करणार? हा डान्स 'प्लायेरा' या नावानेही ओळखला जातो आणि त्यात दुःख आहेच, पण ते पाय आपटत, मान ताठ ठेवून सांगितलेलं दुःख आहे. चाल परत येते तेव्हा ती एक ऑक्टेव्ह खाली, जी आणि डी तारेवर न्यायची (वरची मर्यादा पाळून), म्हणजे तीच ओळ दुसऱ्या माणसाने सांगितल्यासारखी होते.

पानावर तार कुठली ते लिहा, बोटं पण लिहा, पण सगळी नाही, फक्त जिथे निवड आहे तिथे. दर सुरावर नंबर लिहिलेलं पान बघितलं की वाजवणाऱ्याला आपण शाळेत आहोत असं वाटतं.

बोइंग (बो कधी वर, कधी खाली ओढायचा) आधी फ्रेजप्रमाणे गाऊन ठरवा. ६/८ आहे, म्हणजे तीन तीनचे दोन गट, दादऱ्याची सवय असेल तर घरचंच वाटेल, धा धी ना, धा तू ना. पण दादऱ्यात आपण समेकडे ओढले जातो, इथे प्रत्येक बारच्या पहिल्या ठोक्यावर बोने दणका दिलात तर गाडी धक्के खात चालते. ठोका पियानोच्या बासकडे आहे, त्याच्यावर सोडा. शिवाय स्पॅनिश संगीतात तेच सहा कधी तीन-तीन तर कधी दोन-दोन-दोन असे पडतात, तुमच्या पानात कुठे तसं ऐकू येतंय ते दोघांनी मिळून मार्क करा, नाहीतर एक जण एक मोजतोय आणि दुसरा दुसरंच.

पाचवी पायरी: मधला भाग

इथे रंग बदलतो. मधल्या भागात तुणतुण थांबतं, सगळे सूर एकत्र सरकतात, चर्चमधे चार आवाजात गातात तसं. पियानोने पूर्ण चार आवाज वाजवायचे आणि व्हायोलिनने फक्त वरचा आवाज गायचा, हा सोपा मार्ग, आणि इथे मात्र पियानोने वरचा सूर सोबत ठेवला तरी चालतो कारण गती शांत आहे. दुसरा मार्ग डबल स्टॉपचा. त्याचे नियम फार नाहीत: दोन्ही सूर शेजारच्या तारांवर मिळाले पाहिजेत, सहाव्या आणि तिसऱ्या अंतराच्या (सिक्स्थ, थर्ड) जोड्या हाताला बसतात, पाचव्या अंतराला (फिफ्थ) एकच बोट दोन तारांवर आडवं टाकावं लागतं आणि ते बेसूर होण्याची दाट शक्यता, ऑक्टेव्ह नवशिक्याने टाळावे. उदाहरणार्थ ई मेजरमधे ए तारेवर बी पहिल्या बोटाने आणि ई तारेवर जी शार्प दुसऱ्याने, छान सहावं अंतर. डी तारेवर जी शार्प तिसऱ्या बोटाने आणि ए तारेवर ई चौथ्याने, हेही जमतं, पण चौथं बोट लहान असेल तर ताण येतो. माझा सल्ला असा की भाग पहिल्यांदा येतो तेव्हा एकच सूर, आणि डबल स्टॉप फक्त शेवटच्या एक दोन फ्रेजमधे. मिठासारखं.

नोटेशन सॉफ्टवेअरवर एक सूचना. म्युझस्कोर फुकट आहे, तेच वापरा, पण प्लेबॅकवर विश्वास ठेवू नका. कॉम्प्युटरला बोटं नसतात, दोन्ही सूर जी तारेवरच असलेला अशक्य डबल स्टॉप पण तो हसत हसत वाजवून दाखवतो. प्रत्येक जोडी हातात व्हायोलिन घेऊन तपासा, आणि मागच्या पुढच्या सुरासकट तपासा, सुटी जोडी नेहमीच जमते.

सहावी पायरी: चाल परत येते तेव्हा

मधल्या भागानंतर पहिला भाग परत येतो आणि बहुतेक लोक तो कॉपी पेस्ट करतात. इथे तुमचं स्वतःचं काहीतरी करायला जागा आहे. मी अदलाबदल केली: पहिली फ्रेज पियानोच्या उजव्या हाताला चाल, आणि व्हायोलिनने बो हातातच धरून पिझिकातोने, म्हणजे बोटाने, हिरवे सूर छेडायचे. म्हणजे एवढा वेळ लपलेली गिटार आठ दहा सेकंद समोर येऊन बसते. पिझिकातो जी आणि डी तारेवरच ठेवा, ई तारेवर उंच सूर टक् करून मरतो, आणि पियानोचा डावा हात तेव्हा फक्त बास. पिझिकातोवरून परत बोवर यायला हाताला वेळ लागतो, किमान दोन ठोक्यांची विश्रांती लिहून द्या, मी एकच ठोका ठेवला होता आणि घरच्या कार्यक्रमात बो स्टँडवर आपटला, स्टँड पडला, आत्या दचकली, असो. डाव्या हाताचा पिझिकातो वगैरे सारासातेवाल्यांसाठी सोडा.

सातवी पायरी: पानं

पियानोवाल्याच्या पानात त्याच्या ओळींच्या वर व्हायोलिनची ओळ बारीक अक्षरात हवीच, व्हायोलिनचा पार्ट वेगळा काढा. व्हायोलिनच्या पार्टमधे जिथे लांब विश्रांती आहे तिथे पियानोची चाल क्यू (परत कधी सुरू करायचं त्याचा इशारा) म्हणून बारीक लिहा. पान उलटायची जागा विश्रांतीतच यावी, नाही आली तर तीन पानं शेजारी चिकटवा. बारचे नंबर दर ओळीच्या सुरुवातीला. सुरुवातीला 'आंदान्तिनो, क्वासी आलेग्रेत्तो' आणि मधल्या भागाला 'आंदान्ते' हे गतीचे मूळ शब्द तसेच ठेवा, आणि ग्रानादोसचे डायनॅमिक्स (आवाज लहान-मोठा करायच्या खुणा) आधी जसेच्या तसे उतरवा, मग गरजेपुरतं बदला. व्हायोलिनला टिकवलेल्या सुरावर पियानोसारखं आपोआप मावळणं मिळत नाही, म्हणून लांब सुरांवर छोटी उतरती खूण करावी लागते, नाहीतर सूर भोंग्यासारखा वाजत राहतो.

आठवी पायरी: दोघांनी बसवणं

पहिल्या तालमीला व्हायोलिन केसमधेच ठेवा. व्हायोलिनवाल्याने पियानोचं तुणतुण टेबलावर बोटांनी वाजवायचं आणि चाल तोंडाने म्हणायची, पियानोवाल्याने फक्त बास. हे पंधरा मिनिटं नीट झालं की पुढचे पंधरा दिवस वाचतात. मग हळू सुरू करा, तीन आठव्यांचा (एट्थ नोट्सचा) एक ठोका असा मेट्रोनोम ४० ला, आणि आठवड्याभरात ५० च्या आसपास. त्याच्या पुढे पळवू नका, नाच आहे म्हणून वेगात पाहिजे असा काही नियम नाही.

पेडलवरून भांडण होणार. पियानोवाल्यांना पेडल आवडतो, गिटारला पेडल नसतो. आमच्यात तह असा झाला की पहिल्या भागात बासपुरता अगदी थोडा आणि लगेच सोडायचा, मधल्या भागात मनसोक्त. डिजिटल पियानो असेल तर सॅम्पलमधला हॉलचा घुमारा आधी बंद करा, सगळं कोरडेपण त्यात बुडतं. खरा पियानो असेल तर झाकण बंद किंवा थोडंसंच उघडं.

सूर लावताना पियानोकडून ए मागा आणि त्याच्याखाली डी मायनरचा कॉर्ड धरायला सांगा, नुसत्या ए पेक्षा कान लवकर स्थिर होतो. घरातले जुने पियानो बरेचदा ४४० हर्ट्झच्या (ए च्या ठरलेल्या सुराच्या) खाली उतरलेले असतात, ट्यूनर ॲप काय म्हणतं ते विसरा आणि पियानोशी जुळवा, पियानो तुमच्यासाठी बदलणार नाही. मुंबई गोव्याच्या पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, त्या दिवसात फाइन ट्यूनर (तारेच्या खालच्या टोकाचा छोटा स्क्रू) मधोमध ठेवून मग खुंटीने लावा म्हणजे दोन्ही बाजूला जागा उरते.

राहिला शेवटचा सूर. तो वाजवायच्या आधी ठरवून ठेवा की कोण आधी सोडणार. पियानोचा आवाज आपला आपण विरत जातो, व्हायोलिनचा तुम्ही थांबवाल तेव्हाच थांबतो, म्हणून बो पियानोच्या आधी, अगदी टोकाशी पोचून हवेत उचलायचा आणि पियानोवाल्याने पेडल लगेच न सोडता मनात एक ते सहा मोजायचं. आम्ही हा सूर निदान तीस वेळा केला असेल, अजूनही चारपैकी एकदा मीच उशिरा उचलतो.